जुना कॅमेरा आणि घरचे दप्तर

आपल्या घरांत एखादे वडीलधारे माणूस जाते आणि पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला फोटो लागतो, तेव्हा धावपळ सुरू होते. ट्रंका उघडल्या जातात, लग्नांचे अल्बम चाळले जातात. शेवटी हाती लागते ते निवडणुकीचे ओळखपत्र. मतदारांना फोटोचे ओळखपत्र देण्याची योजना १९९३ साली सुरू झाली, आणि त्या योजनेने न ठरवता एक काम केले. ज्या आजीने आयुष्यात कधी स्टुडिओची पायरी चढली नाही, तिचा निदान एक फोटो निघाला. तोच बोटभर फोटो मोठा करून, चौकटीत बसवून, तथागत आणि बाबासाहेब यांच्या तसबिरींजवळ ठेवला जातो. नाक-डोळे पुसट झालेले असतात. नातवंडे म्हणतात, "आजी अशी नव्हती दिसत."

आज घरोघरी मोबाईल आहेत, आणि फोटोंना तोटा नाही. एकेकाच्या मोबाईलमध्ये चार-चार हजार फोटो असतात. पण आईचा एक चांगला फोटो कागदावर मागा, तर मिळत नाही. "तो आधीच्या मोबाईलमध्ये होता", "जागा भरली म्हणून पुसला", "मोबाईल पाण्यात पडला" ही उत्तरे आम्ही अनेक घरांत ऐकली आहेत. आजीचा फोटो नव्हता तो गरिबीमुळे. आईचा फोटो उरणार नाही तो फोटोंच्या सुकाळामुळे, असा प्रकार होऊन बसला आहे. या दोन काळांच्या मधली एक वस्तू अजून आपल्या कपाटांत आणि माळ्यांवर पडून आहे. ती म्हणजे रोलचा छोटा कॅमेरा. ती वस्तू खाली काढावी आणि पुन्हा वापरावी, असे आम्हाला वाचक बंधू-भगिनींना सुचवायचे आहे.

कॅमेरा कोणता?

आपल्या वस्त्यांत जे कॅमेरे आले ते साधे होते. आधी भारतात तयार झालेला आग्फा क्लिक थ्री आला. त्याच्या रुंद रोलवर बाराच फोटो निघत. पुढे हॉट शॉट, याशिका आणि नव्वदच्या दशकात कोडॅकचा केबी टेन आला. यांपैकी काही आजही चालू स्थितीत सापडतात. आम्ही स्वतः वापरतो तो ऑलिम्पस ट्रिप ३५. एका निवृत्त खलाशाच्या घरून तो घेतला. त्या काळी परदेशी कॅमेरा सरळ दुकानात मिळणे कठीण होते. बोटीवर काम करणाऱ्यांच्या किंवा आखातात नोकरीला गेलेल्यांच्या पेटीतून असा माल घरी येई.

ट्रिप ३५ हा जपानी कॅमेरा १९६७ साली बाजारात आला आणि १९८४ पर्यंत बनत राहिला. जगभर तो लाखोंनी खपला. 'ट्रिप' म्हणजे सहल. सामान्य कुटुंबाने प्रवासात न्यावा म्हणूनच तो बनवला होता. वजन सुमारे ४०० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या किलोपेक्षा कमी. लेन्स ४० मिलिमीटरची, आणि तिचे भोक, म्हणजे ऍपर्चर, २.८ पर्यंत उघडते. हे आकडे लक्षात ठेवण्याची गरज नाही. एवढेच ध्यानात घ्यावे की यातून निघालेला फोटो भिंतीवर लावण्याएवढा मोठा केला तरी चेहरा पुसट होत नाही. कारण प्रत्येक निगेटिव्ह २४ बाय ३६ मिलिमीटरची असते, आणि तिच्यावर बारकावे भरपूर उतरतात.

बॅटरीशिवाय चालतो कसा?

या कॅमेऱ्याला बॅटरी लागत नाही आणि चार्जरही लागत नाही. त्याच्या लेन्सभोवती मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसणारी काच आहे. तिच्यामागे सेलेनियम या मूलद्रव्याचा पट्टा असतो. त्यावर उजेड पडला की बारीकशी वीज तयार होते आणि आतला एक काटा हलतो. उजेड जास्त असला की काटा जास्त सरकतो. आपण बटण दाबले की तो काटा आहे तिथे पकडला जातो. त्याच्या जागेवरून भोक किती उघडायचे आणि शटर सेकंदाच्या चाळिसाव्या भागाइतके उघडे ठेवायचे की दोनशेव्या, हे कॅमेरा स्वतः ठरवतो. उजेड अपुरा असेल तर पाहण्याच्या खिडकीत लाल पट्टी वर येते आणि बटण अडते. त्यामुळे फिल्म वाया जात नाही.

वापरणाऱ्याने करायचे ते एकच, अंतर ठरवणे. त्यासाठी लेन्सच्या कड्यावर चार चित्रे आहेत. एक डोके म्हणजे एक मीटर, दोन माणसे म्हणजे दीड मीटर, माणसांचा घोळका म्हणजे तीन मीटर आणि डोंगर म्हणजे लांबचे सारे. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ही चित्रे कळतात. आमच्या वस्तीतल्या साठी ओलांडलेल्या एका ताईंनी पाच मिनिटांत हे समजून घेतले आणि आपल्या सुनेचा व नातीचा उत्तम फोटो काढला. उन्हात भोक आपोआप लहान होते. भोक लहान असले की जवळचे आणि लांबचे दोन्ही बऱ्यापैकी रेखीव येते. त्यामुळे अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी फोटो बिघडत नाही.

छत्तीस फोटोंचा हिशेब

आता खर्चाकडे येऊ. रोलच्या फोटोला पैसे पडतात, हे लपवण्यात अर्थ नाही. पूर्वी उटकमंडला 'इंदू' नावाच्या फिल्मचा सरकारी कारखाना होता. तो १९६० साली स्थापन झाला होता, आता बंद पडला आहे. आज मिळतो तो परदेशी रोल, आणि छत्तीस फोटोंचा रंगीत रोल हजार रुपयांच्या आसपास जातो. तो धुण्याचा आणि सर्व फोटो कागदावर काढण्याचा खर्च धरला तर आमच्या हिशेबाने एकूण १,८०० रुपये होतात. म्हणजे एका फोटोला ५० रुपये. शहरागणिक दर थोडे कमी-जास्त असतील.

गरीब कुटुंबाला ही रक्कम थोडी नाही. परंतु एका घराने वर्षाला एकच रोल घ्यायचा ठरवले, तर महिन्याला दीडशे रुपये आणि तीन फोटो असे प्रमाण पडते. चार भावांनी वर्गणी केली तर प्रत्येकी वर्षाला ४५० रुपये. एवढ्यात वर्षभराच्या घरच्या घडामोडींची छत्तीस कागदांची नोंद तयार होते. आणि पन्नास रुपये पडतात म्हणूनच माणूस बटण दाबण्यापूर्वी थांबतो. उजेड कुठून येतो ते पाहतो, मागे बादली-कळशी आली आहे का ते पाहतो, आजीला पदर सावरायला वेळ देतो. हा थांबण्याचा गुण या कॅमेऱ्यामुळे अंगी लागतो.

शिवाय एक निगेटिव्ह उरते. कागदावरचा फोटो फाटला, भिजला, वाळवीने खाल्ला, तरी निगेटिव्हवरून पुन्हा नवा काढता येतो. चाळीस वर्षांपूर्वीच्या निगेटिव्हवरून आम्ही आजच्या काळात फोटो काढून घेतले आहेत.

ज्यांना रोल परवडणार नाही त्यांच्या कपाटात वीस वर्षांपूर्वीचा साधा डिजिटल कॅमेरा पडला असेल तर तोही चालेल. मात्र नियम तोच ठेवावा. मोजके फोटो काढावेत, निवडावेत आणि कागदावर काढून घ्यावेत. मोबाईललाही आमचा विरोध नाही. अन्यायाचा पुरावा क्षणात जगापुढे नेण्याचे त्याचे काम या कॅमेऱ्याला जमणारे नाही. पण पुरावा निराळा आणि घरचे दप्तर निराळे.

प्रवासात

आपली माणसे प्रवासाला निघतात ती बहुधा १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला, १ जानेवारीला भीमा कोरेगावला, २० मार्चला महाडला, किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरला. सुट्टी मिळाली तर वेरूळ, अजिंठा आणि आयुष्यात एकदा तरी बुद्धगया. अशा प्रवासात ट्रिप खांद्याला अडकवला की भार वाटत नाही, आणि तीन दिवस वीज मिळाली नाही तरी तो बंद पडत नाही.

बुद्धगयेला तर त्याचा आणखी उपयोग आहे. ७ जुलै २०१३ रोजी तेथे बाँबस्फोट झाले. त्यानंतर महाबोधी महाविहाराच्या आवारात मोबाईल नेण्यास बंदी आली. कॅमेऱ्याला मात्र शुल्काची पावती घेऊन परवानगी दिली जात आली आहे. जाण्यापूर्वी तेथील नियम विचारून घ्यावेत.

या कॅमेऱ्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रांच्या रक्षणासाठी फ्लॅशला बंदी आहे, आणि आतल्या अंधारात ट्रिपची लाल पट्टी हमखास वर येते. तिथे डोळ्यांनी पाहावे आणि फोटो बाहेरच्या ओसरीवर काढावा. ५ डिसेंबरच्या रात्री शिवाजी पार्कवरच्या रांगेतही फ्लॅश जोडल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. सकाळ झाली की मात्र दिवसाच्या उजेडात तो फार चांगले काम करतो.

प्रवासातल्या फोटोंबद्दल आमची एक सूचना आहे. दीक्षाभूमीच्या स्तूपाचे फोटो हवे तेवढे विकत मिळतात, आणि ते आपल्यापेक्षा चांगल्या फोटोग्राफरने काढलेले असतात. आपण आपल्या छत्तीसांपैकी एकच स्तूपासाठी खर्च करावा. बाकीचे फोटो आपल्या माणसांचे काढावेत. रेल्वेच्या डब्यात पेपर अंथरून झोपलेली मंडळी, भाकरीचे गाठोडे सोडणारी मावशी, पुस्तकांच्या दुकानापुढे पैसे मोजणारा तरुण, पांढरी साडी नेसून प्रथमच नागपूर पाहणारी आई. हे फोटो कोणत्याही दुकानात विकत मिळणार नाहीत.

कार्ल्याचा सुतार

मुंबई-पुण्याच्या लोकांना एका दिवसात करता येण्यासारखी सहल म्हणजे कार्ले. कार्ल्याचे चैत्यगृह देशातल्या खडकात कोरलेल्या चैत्यगृहांत सर्वांत मोठे आहे. त्याच्या छताखाली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून आहेत. लोक ते पाहतात, आणि खांबांवर व भिंतींवर कोरलेली बारीक ब्राह्मी अक्षरे न पाहता परततात. ती दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, तसाच धेनुकाकट गावचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त आहे, आणि त्याच गावचा सामी नावाचा एक सुतार आहे. कोण्या राजाचे नाव टिकले तर त्यात नवल नाही. पण दरवाजाचे काम करणाऱ्या सुताराचे नाव, बापाच्या नावासह, दोन हजार वर्षे टिकले, कारण कोणीतरी ते तिथे लिहून ठेवले. दुपारचे ऊन कमानीतून आत येते त्या वेळी दरवाजाजवळचा फोटो ट्रिपनेही निघतो. मुलांना तिथे उभे करावे आणि त्या सुताराची गोष्ट सांगावी.

ही गोष्ट आम्ही येथे का सांगतो, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या विहारात आम्ही घरोघरचे जुने फोटो मागवून भिंतीला लावले. शंभरावर फोटो जमले. धम्मदीक्षेनंतरचे एक सामुदायिक लग्न, गिरणीच्या फाटकासमोर उभे असलेले सात कामगार, पांढऱ्या साड्यांतल्या महिला मंडळाच्या बाया. लोक रांगेने पाहत होते आणि एकमेकांना विचारत होते, "हे कोण?" निम्म्याहून अधिक चेहऱ्यांची नावे कोणालाच सांगता आली नाहीत. एका फोटोमागे मात्र शिसपेन्सिलीने पाच नावे, गाव आणि साल लिहिलेले होते. त्या पाच जणांपैकी तिघांची नातवंडे त्याच दिवशी त्याच सभागृहात सापडली. एकमेकांशेजारी राहणाऱ्या दोन कुटुंबांचे आजोबा एकाच खोलीत राहून एकाच पाळीला कामाला जात होते, हे त्यांना त्या दिवशी कळले.

म्हणून आमचे सांगणे असे की फोटो हातात आला की त्याच दिवशी मागे लिहावे. डावीकडून उजवीकडे सर्वांची पूर्ण नावे, ठिकाण, तारीख आणि निमित्त लिहावे. बायकांची नावे "अमक्याची आई" अशी न लिहिता त्यांच्या स्वतःच्या नावाने लिहावीत. शाईचे पेन वापरू नये, ते पुढे उमटते. मऊ शिसपेन्सिल उत्तम, आणि गुळगुळीत कागदावर ती उठत नसेल तर कागदाची पट्टी लिहून फोटोबरोबर ठेवावी.

रोजचे घर, रोजची चाळ

प्रवास वर्षातून एकदा होतो. रोजचे जगणे मात्र आपण फोटोच्या लायकीचे समजत नाही, आणि तेच सर्वांत आधी नाहीसे होते. मुंबईत वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथल्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. आता त्या पाडून तेथे टॉवर उभे राहत आहेत. लोकांना मोठी घरे मिळत आहेत, हे चांगलेच आहे. परंतु सामाईक गॅलरी, नळावरची रांग, जिन्याखालचे वाचनालय, मंडळाचा फळा, ज्या पटांगणात सभा झाल्या ते पटांगण, हे सारे एकदा गेले की मुलांना सांगून पटणार नाही. गिरण्या अशाच गेल्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, आणि पुढे ज्या खात्यात बापाने आयुष्य काढले तिथे आता काचेची दुकाने आहेत. साच्यावर उभ्या असलेल्या आपल्या बापाचा फोटो किती घरांत आहे?

यात स्वाभिमानाचाही प्रश्न आहे. आपल्या वस्त्यांचे फोटो निघत नाहीत असे नाही. बाहेरचा माणूस येतो तो गटाराचा, उघड्या पोराचा, नाही तर अत्याचारानंतर रडणाऱ्या बाईचा फोटो काढतो. वर्तमानपत्रात आपण दिसतो ते गर्दी म्हणून किंवा बळी म्हणून. त्या फोटोंचीही गरज आहे. पण रात्रपाळी करून आलेला बाप मुलीला गणित शिकवतो आहे, आई बचत गटाची वही लिहिते आहे, बारावी पास झालेली मुलगी पेढे वाटते आहे, हे फोटो कोणी बाहेरचा येऊन काढणार नाही. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत निघालेल्या बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचे चित्रीकरण नामदेवराव व्हटकर यांनी पदरमोड करून केले. म्हणून तो जनसागर आज आपण पाहू शकतो. ते काम मोठे होते. आपल्या वाट्याला आलेले काम लहान आहे, आणि त्याला एक छोटा कॅमेरा पुरतो.

घेताना आणि सांभाळताना

मुंबईच्या चोर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात, किंवा नातेवाइकांच्या माळ्यावर ट्रिप सापडला तर चार गोष्टी पाहाव्यात. कडे 'ए' या अक्षरावर ठेवून, चावी फिरवून, उजेडाकडे धरून बटण दाबावे. खटका पडला पाहिजे. पुन्हा चावी फिरवून लेन्सची काच हाताने पूर्ण झाकावी आणि दाबावे. लाल पट्टी वर येऊन बटण अडले पाहिजे. या दोन्ही गोष्टी झाल्या तर सेलेनियम जिवंत आहे असे समजावे. मग मागचे दार उघडून लेन्समधून आरपार पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसले तर ती बुरशी आहे, असा कॅमेरा घेऊ नये. दाराच्या कडेचा काळा स्पंज चिकट झाला असेल तर उजेड आत शिरतो. तो बदलणे मात्र स्वस्तात होते. कंपनीने कॅमेऱ्यांचा धंदा २०२१ च्या सुरुवातीला दुसऱ्या कंपनीकडे सोपवला. त्यामुळे दुरुस्तीसाठी जुने हुन्नरी कारागीरच गाठावे लागतात.

रोल भरल्यावर चावी फिरवताना डावीकडची गुंडाळायची मूठ आपोआप फिरते का ते पाहावे. ती फिरली म्हणजे फिल्म पकडली गेली. रोल संपल्यावर खालचे बटण दाबून फिल्म पूर्ण गुंडाळावी, आणि मगच दार उघडावे. पावसाळ्यात कॅमेरा चामडी पाकिटात ठेवू नये. ओल धरून बुरशी येते. घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधांच्या बाटलीतल्या ओल शोषणाऱ्या पुड्यांसोबत ठेवावा. निगेटिव्ह कागदी पाकिटात, फोटोंपासून वेगळ्या जागी ठेवाव्यात. आग-पाण्यात एक गेले तरी दुसरे वाचते.

शेवटची सूचना घरातल्या कर्त्या पुरुषांना. कॅमेरा नेहमी तुमच्याच हातात राहिला तर फोटोत तुम्ही नसता, आणि स्वयंपाकघरात असलेली आई तर कधीच नसते. चार चित्रे मुलीला समजावून द्या आणि कॅमेरा तिच्या हाती द्या. येत्या बुद्ध पौर्णिमेला पहिला फोटो तिने काढावा. खीर वाटून झाल्यावर, दुपार उतरताना, दाराबाहेरच्या उजेडात आजी आणि आई यांना शेजारी शेजारी बसवावे, आणि फोटो धुऊन आला की त्याच्यामागे दोघींची नावे लिहावीत.